शाहू स्टेडियमवर कॅमेरा घेऊन जाताना

कोल्हापुरात थंडी पडू लागली की फुटबॉलचे वेध लागतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) लीग सुरू होते, तिच्या मागून एकेक स्पर्धा लागते आणि उन्हाळा सरेपर्यंत छत्रपती शाहू स्टेडियम गजबजलेलं राहतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी, शिवाजी, झुंजार ही नुसती संघांची नावं नाहीत. त्यांच्यामागे पेठा आहेत, तालमी आहेत, तीन-तीन पिढ्या आहेत. सामना असला की पेठेतलं जेवणखाण लवकर उरकतं, आणि संध्याकाळी निकाल काय लागला यावर कट्ट्यावरचा आवाज ठरतो.

या सामन्यांचे फोटो आता भरपूर निघतात. गॅलरीत हजारो फोन असतात, आणि मैदानाच्या कडेला चार-सहा हौशी मुलं कॅमेरा घेऊन बसलेली असतात. एवढे फोटो असूनही लक्षात राहील असा क्वचितच सापडतो. खेळाडूंच्या पाठी दिसतात, लांब कुठेतरी बॉलचा ठिपका असतो, अर्धी चौकट रिकाम्या गवताने भरलेली असते आणि मागे एखादा माणूस पाण्याचा क्रेट उचलून चाललेला असतो. फोटो काढणाऱ्याचा पहिला समज असा होतो की आपल्याकडे मोठी पांढरी लेन्स नाही म्हणून हे होतं. मला हे कारण पटत नाही. साध्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्याने आणि ५५-२५० किंवा ७०-३०० च्या स्वस्त लेन्सनेही या मैदानावर चांगलं काम होतं. बॉलच्या मागे मैदानभर फिरायचं सोडून एक जागा धरली आणि खेळ आपल्याकडे येईपर्यंत थांबलं, की निम्म्याहून अधिक फोटो तिथेच सुधारतात. या लेखातल्या बाकीच्या बहुतेक गोष्टी याच मुद्द्यापाशी येऊन मिळतात.

जागा कुठली, आणि तीच का

आधी थोडा हिशेब करू. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २५० मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा उभा धरला, तर ४० मीटरवरचा खेळाडू चौकटीची जवळपास निम्मी उंची भरतो. तोच ८० मीटरवर गेला की चौथा हिस्सा भरतो. मैदान साधारण शंभर मीटर लांब असतं, म्हणजे समोरच्या गोलपोस्टजवळचा खेळाडू तुमच्या चौकटीत पाचव्या हिश्श्याहूनही लहान येणार. ते फोटो काढूच नका. बॉल पलीकडच्या अर्ध्यात असेल तर कॅमेरा खाली ठेवा, हात सैल सोडा, खेळ बघा. तुमचं मैदान म्हणजे तुमच्यापासून चाळीस-पन्नास मीटरचा पट्टा. एवढं मनाशी ठरलं की शटर दाबण्याची घाई आपोआप कमी होते.

हा पट्टा कुठे मांडायचा? गोललाइनच्या मागे, कॉर्नर फ्लॅग आणि गोलपोस्ट यांच्या मधोमध, साधारण ‘डी’ची, म्हणजे पेनल्टी एरियाची, बाजूची रेघ जिथे गोललाइनला येऊन मिळते तिथे बसा. पेनल्टी एरिया गोललाइनपासून साडेसोळा मीटर आत जातो, म्हणजे गोलसमोर होणारं सगळं तुमच्या लेन्सच्या आवाक्यात येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चढाई करणारा खेळाडू तुमच्या दिशेने धावत येतो. त्याचा चेहरा दिसतो, डोळे दिसतात. मधल्या रेषेपाशी उभं राहणाऱ्याला खेळ दोन्हीकडे दिसतो खरा, पण त्याच्या हाती बहुतेक बाजूच लागतात, आणि चढाई पुढे सरकली की पाठी.

मधूनमधून कडेने फोटो घ्यायचे असतील तर लाइन्समन बघून ठेवा. दोन लाइन्समन समोरासमोरच्या कडांना असतात आणि प्रत्येकजण अर्ध्या मैदानाच्या लांबीतच धावतो. म्हणजे प्रत्येक कडेचा एक अर्धा भाग त्यांच्यापासून मोकळा असतो. तिथे बसा. त्यांच्या वाटेत पाय किंवा बॅग येता कामा नये.

मैदानात उतरायला संयोजकांची परवानगी लागते आणि ती आधी मागावी. सामन्याच्या आधी अर्धा तास जाऊन, कुठे बसलं तर चालेल एवढं विचारलं की बहुतेक वेळा कुणी नाही म्हणत नाही. परवानगी नसेल तर गॅलरीच्या खालच्या पायऱ्या धरा, गोलच्या बाजूच्या. वरून फोटो काढले की खेळाडू बुटके दिसतात आणि मागे नुसतं गवत येतं.

खाली बसण्याचं कारणही हेच आहे. उभं राहून काढलेल्या फोटोत खेळाडूमागे जमीन येते. गुडघ्यावर किंवा छोट्या स्टुलावर बसलं की त्याच्यामागे गॅलरी येते, आणि कोल्हापूरच्या सामन्यात गॅलरी म्हणजे अर्धी गोष्ट. हेडरसाठी उडालेला खेळाडू आकाशात झेपावल्यासारखा दिसतो आणि मागे हजारो चेहरे धूसर होतात. मागची बाजू सामना सुरू होण्याआधीच पाहून ठेवा: कुठे फलक, कुठे उभी गाडी, कुठे राखीव खेळाडूंची खुर्ची. पाच पावलं सरकून एखादा भडक फलक टळत असेल तर सरका, आणि मग तिथून हलू नका. मध्यंतरात संघ बाजू बदलतात. तुम्ही एकाच पेठेसाठी फोटो काढत असाल तर तुम्हीही दुसऱ्या गोलमागे जा. सामना सर्वांसाठी टिपायचा असेल तर एका टोकालाच राहिलेलं बरं, म्हणजे दोन्ही संघांची चढाई आणि दोन्ही गोलरक्षक आपोआप मिळतात.

ऊन

पहिला सामना बहुतेक वेळा दुपारच्या उन्हात असतो, दुसरा चारच्या सुमारास. ही दोन वेगवेगळी कामं आहेत.

दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, भुवयांच्या सावलीत डोळे बुडतात, पांढरी जर्सी पार जळून जाते. एक चांगली गोष्ट मात्र असते, ती म्हणजे उजेड बदलत नाही. त्यामुळे मॅन्युअल मोड लावून निर्धास्त राहता येतं. आयएसओ २००, एफ ५.६ आणि १/१६०० सेकंद इथून सुरुवात करा, एक फोटो काढून स्क्रीनवर पांढऱ्या जर्सीकडे बघा. तिच्या घड्या दिसत नसतील तर शटर थोडं वाढवा. चेहरे जरा काळवंडले तरी नंतर उजळता येतात, पण जळालेल्या पांढऱ्यातून काही परत मिळत नाही. दुपारी हेडरचे फोटो विशेष घ्या, कारण तेव्हा खेळाडू वर बघतो आणि ऊन सरळ चेहऱ्यावर पडतं.

चारनंतर मैदान बदलतं. ऊन तिरपं होतं, रंग चढतो, खेळाडूंच्या लांब सावल्या गवतावर पसरतात. सूर्य पश्चिमेला, आणि थंडीत जरा दक्षिणेकडे झुकलेला असतो. तो तुमच्या पाठीमागे किंवा खांद्यावर राहील असा कोपरा निवडलात तर चेहरे उजळ येतात. हीच सुरक्षित वाट आहे. पण एखाद्या सामन्यात मुद्दाम उलटं करून बघा. सूर्याकडे तोंड करून बसा आणि उजेडाचा हिशेब चेहऱ्यावर न करता कडांवर करा. डिसेंबर ते मे हा बहुतांशी कोरडा काळ असतो, घसरत टॅकल केला की धूळ उडते, आणि मागून ऊन आलं की ती धूळ पेटल्यासारखी दिसते. केसांच्या, खांद्यांच्या कडा सोनेरी होतात, घामाचे थेंब दिसतात. दहातले आठ फोटो वाया जातील, पण उरलेले दोन दुसऱ्या कुणाकडे नसतील.

गॅलरीची सावली मैदानावर येऊ लागली की कॅमेरा गोंधळतो. खेळाडू उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात जातो आणि एकच मॅन्युअल सेटिंग कामाची राहत नाही. अशा वेळी शटर आणि अॅपर्चर स्वतः ठरवून आयएसओ तेवढा ऑटोवर सोडा. कमाल मर्यादा ३२०० ठेवा, नव्या कॅमेऱ्यात ६४०० चालेल. त्याहून सोपा उपाय म्हणजे मैदानाचा एकच भाग धरायचा, उन्हाचा किंवा सावलीचा, आणि दुसऱ्या भागातला खेळ डोळ्यांनी बघायचा.

सूर्यास्ताची वेळ लक्षात ठेवा. जानेवारीत कोल्हापुरात सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मेमध्ये सातच्या आसपास. लांबलेला सामना टायब्रेकरला गेला, तर थंडीत तुमच्या एफ ५.६ च्या लेन्सला उजेड पुरणार नाही. तेव्हा आयएसओ बेधडक वाढवा. दाणेदार फोटो लोक आनंदाने बघतात, हललेला फोटो कुणी बघत नाही. घरात ५० मिलिमीटर एफ १.८ किंवा ८५ मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स असेल तर ती बॅगेत टाका. लांबचं येणार नाही, पण एफ ५.६ पेक्षा तीन स्टॉपहून अधिक उजेड आत घेते.

रात्री दिव्यांखालच्या टर्फवर फोटो काढताना वेगळीच अडचण येते. सलग काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक अंधारा, एक पिवळट असं होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात आणि वेगवान शटर त्यातला एकेक तुकडा पकडतं. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘अँटी-फ्लिकर’ असेल तर ते चालू करा. मिररलेस कॅमेरा असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवून मेकॅनिकल वापरा. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये अशा दिव्यांखाली आडवे पट्टे येतात, आणि वेगातला बॉल कधीकधी अंडाकृती दिसतो. फ्लॅश मात्र वापरू नका. तो तीस मीटरवर पोचत नाही आणि गोलरक्षकाच्या डोळ्यांत जातो.

शटर आणि फोकस

खेळाडू जोरात धावतो तेव्हा सेकंदाला सात-आठ मीटर जातो. १/२५० सेकंदात तो तीन सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चेहरा पुसट होणारच. १/१००० ला हीच सरक एका सेंटिमीटरच्या आत येते. ताशी नव्वद किलोमीटरने मारलेला बॉल सेकंदाला पंचवीस मीटर जातो. बॉलचा व्यास साधारण बावीस सेंटिमीटर, आणि १/२५० ला तो जवळजवळ निम्म्या व्यासाइतका लांबतो. म्हणून १/१००० ही खालची मर्यादा धरा. उजेड अगदीच कमी असेल तर १/६४० पर्यंत या, त्याखाली नको. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, धावणाऱ्या खेळाडूला ते थांबवू शकत नाही. हा गैरसमज फार जणांचा असतो.

अपवाद एकच. पळत्या खेळाडूबरोबर कॅमेरा फिरवत १/६० ला फोटो घेतला तर चेहरा बऱ्यापैकी स्वच्छ आणि मागची गॅलरी रंगांच्या रेघांसारखी येते. सामन्याचा निकाल लागल्यासारखा असेल, दहा मिनिटं उरली असतील, तेव्हा हा प्रयोग करून बघावा. तेव्हा कडेला बसा, कारण यासाठी खेळाडू डावीकडून उजवीकडे किंवा उलट जायला हवा.

फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर हवा: निकॉन, सोनीमध्ये एएफ-सी, कॅननच्या डीएसएलआरमध्ये एआय सर्व्हो. सगळे पॉइंट चालू ठेवू नका. मधला पॉइंट आणि त्याच्या भोवतीचा छोटा गट पुरे. तो खेळाडूच्या छातीवर धरा. चेहरा ओळखणारा फोकस नव्या कॅमेऱ्यांत चांगला असतो, पण मागे भरलेली गॅलरी असेल तर तो कधीकधी तिथल्याच एखाद्या चेहऱ्याला चिकटतो आणि गोल मारणारा धूसर राहतो. कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर फोकस देऊन शटरचं बटण फक्त फोटोसाठी ठेवलं तर मध्ये पंच आडवा आला तरी अंगठा उचलून फोकस थांबवता येतो. पहिले दोन सामने बोटं चुकतात, नंतर हाताला सवय होते.

आता सलग फोटोंबद्दल. दहा फ्रेमचा वेग असलेला कॅमेरा म्हणजे सगळं सापडलं, असं वाटतं. हिशेब करून बघा. दोन फ्रेममध्ये सेकंदाचा दहावा भाग जातो, आणि तेवढ्यात जोरात मारलेला बॉल अडीच मीटर गेलेला असतो. पायाला लागलेला बॉल ना पहिल्या फ्रेममध्ये, ना दुसऱ्या. वेळ तुम्हालाच साधावी लागते. सलग फोटो आधार म्हणून ठेवा, तीन-चारच्या छोट्या झटक्यात. बॉल डोक्याला लागायच्या क्षणी नव्हे, तर खेळाडूचे पाय जमिनीवरून सुटताच दाबा. डीएसएलआरमध्ये तर नियमच आहे: शटर उघडलेलं असताना व्ह्यूफाइंडर काळा होतो, म्हणून बॉलचा आघात तुम्हाला आत दिसला तर तो कॅमेऱ्यात आलेला नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. एक डोळा व्ह्यूफाइंडरला असताना दुसरा उघडा ठेवा. आत फक्त एक खेळाडू दिसतो, बॉल कुठून येतोय ते बाहेरच्या डोळ्याला कळतं. गोलमागे बसणाऱ्याने स्वतःच्या तोंडासाठीही हे करावं.

खेळ ओळखीचा असला की

या कामात पेठेतला मुलगा कुठल्याही पाहुण्या फोटोग्राफरपेक्षा पुढे असतो. कुठला विंगर नेहमी आत वळतो, कुठला बचावपटू कॉर्नरला पुढे जातो, कुणाचा थ्रो थेट गोलसमोर पडतो, हे त्याला वर्षानुवर्षं माहीत असतं. ते वापरा. कॉर्नर घेणाऱ्याचा फोटो एकदा पुरे. पुढच्या कॉर्नरला बॉलकडे बघूच नका, ज्याच्याकडे बॉल जाणार त्याच्यावर आधीच फोकस धरून बसा. गोलसमोरची ओढाताण, जर्सीला लागलेला हात, मुठीने बॉल बाहेर फेकणारा गोलरक्षक हे सगळं त्या चार सेकंदांत होतं.

गोल झाला की हौशी फोटोग्राफर कॅमेरा खाली घेतो आणि ओरडतो. ओरडणं स्वाभाविक आहे, पेठ आपलीच असते. पण खरा फोटो इथूनच सुरू होतो. गोल मारणारा आपल्या समर्थकांकडे पळत सुटतो. ते गॅलरीत कुठे बसलेत हे आधी हेरून ठेवलं असेल तर तो कुठे जाणार हे तुम्हाला त्याच्याआधी कळतं. लेन्स मागे घ्या, दोन-तीन खेळाडू आणि मागची उसळलेली गॅलरी एकत्र येऊ द्या. दहा सेकंद त्यांच्याबरोबर राहा आणि मग वळून दुसरीकडे बघा. जाळ्यातून बॉल काढणारा गोलरक्षक, कंबरेवर हात ठेवून उभा राहिलेला बचावपटू, बेंचवर डोकं धरून बसलेला प्रशिक्षक. हरणाऱ्या बाजूचा हा फोटो सहसा कुणाकडेच नसतो, आणि वर्षाखेर तोच जास्त आठवतो. टायब्रेकरलाही सगळे कॅमेरे गोलकडे वळतात. मधल्या वर्तुळापाशी खांद्यावर हात टाकून उभ्या असलेल्या ओळीकडे निदान दोन किकना तरी वळा. कुणी डोळे मिटलेले असतात, कुणी आकाशाकडे बघत असतो.

फोटोत बॉल हवाच का? चढाईच्या फोटोत हवा. बॉल आणि चेहरा या दोन गोष्टी एकत्र आल्या तर फोटो ठेवावा, एकच असेल तर विचार करावा, दोन्ही नसतील तर काढून टाकावा. आनंद, वाद, दुखापत, विश्रांती यांना हा नियम लागू नाही.

आता लांब लेन्सच्या विरोधात थोडं. हान्स व्हान डेर मेअर नावाचे डच फोटोग्राफर आहेत. त्यांनी युरोपातल्या सर्वांत खालच्या पातळीवरच्या, गावातल्या हौशी सामन्यांचे फोटो काढले. त्यांचं ‘युरोपियन फील्ड्स’ हे पुस्तक २००६ मध्ये आलं. खेळाडूला जवळ ओढण्याऐवजी ते उंचावरून, रुंद चौकटीत सामना बघतात. बॉलसाठी धडपडणारी माणसं लहान दिसतात आणि त्यांच्यामागे घरं, डोंगर, कारखाने, शेतं पसरलेली असतात. हे मैदान कुठलं, ही माणसं कुठली, हे एका नजरेत कळतं. आपल्याकडच्या हौशी फोटोंत मला सर्वांत जास्त उणीव याचीच वाटते. शाहू स्टेडियमवर काढलेला खेळाडूचा जवळचा फोटो पुण्यात किंवा मडगावातही काढलेला असू शकतो. गच्च भरलेल्या पायऱ्या, भोवतीच्या इमारती, त्यांच्या गच्चीवरून सामना बघणारी माणसं, हे मागे असेल तर तो फोटो कोल्हापूरचाच होतो. तेव्हा प्रत्येक सामन्यात दहा मिनिटं काढून गॅलरीच्या वरच्या पायरीवर जा, १८-५५ ची साधी लेन्स लावा आणि सगळं आत घ्या. एफ ८, शटर १/८००, आणि खेळाडू मैदानभर नीट विखुरलेले असतील तो क्षण बघा.

फक्त फोन असणाऱ्यांनीही हेच काम हाती घ्यावं. लांबच्या खेळाडूला बोटांनी ओढून जवळ आणलं की फोटोचा चिखल होतो. तो मोह सोडला तर फोन उत्तम आहे. सामन्याआधी बूट बांधणारे हात, संघाची रांग, पंचांशी हस्तांदोलन, गॅलरीतला म्हातारा माणूस आणि त्याचा नातू, हलगी वाजवणारा, निकालानंतरचा जल्लोष, हे सगळं दहा फुटांवरून मिळतं. स्क्रीनवर बोट दाबून उजेड कुलूपबंद करा आणि तो थोडा कमी करा, म्हणजे मागचं आकाश पांढरं पडणार नाही. जल्लोषात फोन डोक्यावर उंच धरण्यापेक्षा गर्दीच्या आत शिरून छातीच्या उंचीवर धरावा.

धूळ आणि वळीव

मैदानावर लेन्स बदलायची वेळ आली तर वाऱ्याकडे पाठ करा आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा. लेन्सवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, कपड्याने लगेच पुसली तर चरे पडतात. एप्रिल-मेमध्ये वळीव कधीही येतो. बॅगेत एक जाड प्लास्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड ठेवा, पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडा. पावसात फोटो काढून झाल्यावर कॅमेरा बंद बॅगेत कोंडू नका. घरी येऊन पुसा आणि पंख्याखाली मोकळा ठेवा.

घरी आल्यावर

एका सामन्यात सात-आठशे फोटो होतात. त्यातले पंधरा निवडा. कितीही जणांचा हट्ट असला तरी पंधराच. पहिल्या फेरीत हललेले, फोकस चुकलेले आणि पाठी असलेले उडवा. दुसऱ्या फेरीत एकाच झटक्यातल्या चार फोटोंपैकी एकच ठेवा. गोलपोस्टचा खांब बघून फोटो सरळ करा, तो कललेला दिसला की बाकी सगळं चांगलं असून डोळ्याला खुपतं. कापताना खेळाडूचे घोटे आणि मनगटं तोडू नका. कापायचंच तर मांडीवर किंवा कमरेवर कापा, आणि तो ज्या दिशेने धावतो आहे तिकडे थोडी जागा सोडा. रंग भडक करण्याचा मोह आवरा. जर्सीचा रंग पेठेला नेमका माहीत असतो, तो बदलला की लोक लगेच बोलून दाखवतात. आणि बॉल उचलून दुसरीकडे ठेवणं, मध्ये आलेला माणूस पुसून टाकणं हे करू नये. सामन्याचा फोटो ही एक नोंद आहे.

ही नोंद पुरी होते ती नावांनी. फोटोच्या फाइलमध्येच तारीख, स्पर्धा, दोन्ही संघ, निकाल आणि दिसणाऱ्या खेळाडूंची नावं लिहा. लाइटरूम, डिजिकॅम अशा कुठल्याही प्रोग्रामात त्यासाठी वर्णनाची जागा असते. सामन्याआधी संघाची यादी मिळते, तिचा फोनवर फोटो काढून ठेवा, मग जर्सीच्या नंबरवरून नाव लागतं. तालमींच्या भिंतींवर जुन्या संघांचे फोटो असतात. त्यांतल्या कितीतरी फोटोंत उभ्या असलेल्यांपैकी निम्मे कोण हे आज सांगता येत नाही, कारण कुणी मागे लिहून ठेवलं नाही. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला आणि त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. उद्या असा कोण पुढे जाईल ते आज कुणालाच माहीत नसतं, म्हणून सोळा वर्षांच्या राखीव खेळाडूचंही नाव लिहा. मूळ फाइल्स दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी.

फोटो वाटताना एक जबाबदारी येते. इथे ईर्षा मोठी आहे आणि मैदानावरच्या वादाचे पडसाद पेठेत उमटतात. हाणामारी झाली तर तिचा फोटो संयोजकांना द्यायचा की नाही हे शांत डोक्याने ठरवा, पण त्याच संध्याकाळी कुणाच्या चेहऱ्याभोवती गोल काढून तो ग्रुपवर टाकू नका. दुखापत झालेल्या खेळाडूचा वेदनेने वाकडा झालेला चेहरा त्याच्या घरच्यांनी आधी मोबाइलवर बघावा, हेही योग्य नाही. लहान मुलांच्या आणि मुलींच्या सामन्यांत फोटो टाकण्याआधी पालकांना किंवा प्रशिक्षकांना विचारा. कुणी फोटो काढून टाका म्हटलं तर कारण न विचारता काढा.

व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. स्वतःचं नाव टाकायचं तर कोपऱ्यात बारीक, खेळाडूच्या छातीवर नको. वर्तमानपत्राला फोटो द्यायचा असेल तर सामना संपल्यावर लगेच द्या, तीनच द्या, आणि प्रत्येकाखाली कोण, कुणाविरुद्ध, कितव्या मिनिटाला हे लिहा. मजकूर नीट असलेला साधा फोटो, मजकूर नसलेल्या सुंदर फोटोच्या आधी छापला जातो. हंगाम संपल्यावर ज्यांचे फोटो काढले त्या संघांच्या तालमींना एकेक चांगला फोटो छापून द्या, बारा बाय अठरा इंचांचा, मागे पेन्सिलने नावं लिहून.